मोकळा रस्ता दिसला की सावध व्हा
वाचकांचे प्रश्न : व्हिएतनाममध्ये गाडी चालवताना

मागच्या अंकात मी सायगॉनच्या, म्हणजे आताच्या हो ची मिन्ह सिटीच्या दुचाक्यांबद्दल लिहिलं होतं. दहा कोटींच्या देशात सात कोटींहून जास्त दुचाक्या, आणि तरी रस्ता वाहता कसा राहतो, असा तो विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांत प्रवासवर्णनापेक्षा व्यवहाराचे प्रश्न जास्त आहेत. मी मूळची साताऱ्याची. तयार कपड्यांच्या निर्यातीच्या कामामुळे बरीच वर्षं इथे राहते आणि बिन्ह डुओंगकडच्या कारखान्यांत स्कूटरनेच जाते. ज्या रस्त्यांवरून मी रोज जाते त्यांच्याच आधारे ही उत्तरं देते आहे.

प्रश्न : मी पुण्यात सिंहगड रोडला राहतो. कॉलेजपासून बाइक चालवतो. रोज स्वारगेट, डेक्कन, बाणेर अशी फेरी असते. फेब्रुवारीत बायकोबरोबर व्हिएतनामला येतोय. हनोईत बाइक भाड्याने घेऊन उत्तरेकडच्या 'हा जियांग' भागातल्या डोंगरात जायचा बेत आहे. व्हिडिओत तिथलं ट्रॅफिक आपल्यासारखंच दिसतं. पुण्यात गाडी चालवणाऱ्याला जगात कुठेही चालवता येते, असं मित्र म्हणतात. खरं का?

उत्तर : निम्मं खरं आहे. पाय न टेकवता मुंगीच्या पावलांनी गाडी नेणं, गल्लीतून कोणीही कधीही बाहेर येईल हे गृहीत धरणं, दोन इंच मोकळे ठेवून बसच्या बाजूने निघणं, हे पुण्याने तुम्हाला शिकवलंय आणि ते इथे कामाला येतं. युरोपातून आलेले लोक पहिल्या दिवशी हनोईच्या चौकात घामाघूम होतात, तसं तुमचं होणार नाही.

पण पुण्याने तुम्हाला आणखी एक गोष्ट शिकवलीय, ती इथे विसरायची आहे. आपल्याकडे फट दिसली की आपण ॲक्सिलरेटर पिळतो, फट भरतो, कचकन ब्रेक मारतो आणि पुढची फट शोधतो. इथे शहरात सगळा घोळका ताशी पंचवीस-तीसच्या वेगाने सरकत असतो. तुम्ही पुढच्या क्षणी कुठे असाल याचा अंदाज मागच्या दहा जणांनी आधीच बांधलेला असतो आणि त्यावर त्यांची गाडी चाललेली असते. तुम्ही झटक्याने पुढे घुसलात किंवा झटक्याने थांबलात की दहाही अंदाज चुकतात. आमच्या जिल्ह्यातून माउलींची पालखी लोणंदहून फलटणकडे जाते तेव्हा वारीत जसं चालतात तसं इथे गाडीवर वागायचं. कोणी धावत नाही, कोणी मध्येच उभं राहत नाही, आणि बाजूला व्हायचं असेल तर हळूहळू तिरकं सरकत कडेला येतात.

प्रत्येकाचं लक्ष पुढे असतं. पुढच्याला सांभाळायचं काम मागच्याचं, हा इथला न लिहिलेला करार. गल्लीतून बाहेर पडणारा माणूस मागे वळून न बघता सरळ प्रवाहात शिरतो, आणि आपल्याला ते बेफिकीर वाटतं. त्याचा भरवसा असतो की तो सावकाश आलाय, तेव्हा मागचे त्याला जागा देतील. तुम्हीही द्यायची. रागाने हॉर्न दाबून धरायचा नाही. इथल्या दुचाकीचा हॉर्न म्हणजे 'मी तुमच्या बाजूला आहे' एवढं सांगणारी छोटीशी पिप. समोरच्याने दिवा चमकवला तर मात्र आपल्यासारखाच अर्थ घ्यायचा : मी येतोय, तू थांब.

आता खरी काळजीची गोष्ट. व्हिएतनाममध्ये वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात. हे माहीत नसलेला पर्यटक सापडणार नाही, आणि तरी अपघात याच कारणाने होतात, कारण डावी-उजवी बाजू आपल्या डोक्यापेक्षा शरीरात मुरलेली असते. गंमत अशी की गर्दीत कोणी चुकत नाही. पुढे पन्नास गाड्या उजवीकडून जात असताना तुम्ही डावीकडे जाणार कसे? गर्दीच तुम्हाला हाताला धरून नेते. चूक होते ती रस्ता रिकामा असताना.

आमच्या ऑफिसात नाशिकहून एक मुलगा आला होता. संध्याकाळी सहाच्या गर्दीत हांग सान्हच्या गोल चौकातून तो बिनचूक जायचा. एका रविवारी पहाटे पेट्रोल भरून पंपाबाहेर पडला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि तो सरळ डाव्या कडेने चालू लागला. समोरून भाजीचे गठ्ठे बांधलेली होंडा वेव्ह आली. दोघांनी एकमेकांना पाहिलं, दोघांनीही कडेला घेतलं आणि दोघं एकाच कडेला गेले. हे नीट समजून घ्या. घाबरल्यावर आपला हात डावीकडे वळतो, व्हिएतनामी माणसाचा उजवीकडे. समोरासमोर असताना त्याची उजवी आणि आपली डावी ही रस्त्याची एकच बाजू असते. मनगट मोडण्यावर निभावलं. म्हणून समोर कोणी आलं तर आधी ब्रेक लावून सरळ रेषेत थांबायचं. हँडल वळवायची घाई करायची नाही.

हे कुठे कुठे होतं ते सांगते : पहाटे, दुपारच्या जेवणाच्या सुस्तीत, पंपावरून किंवा हॉटेलच्या आवारातून निघताना, यू-टर्न घेतल्यावर, एकेरी रस्ता संपून दुहेरी लागतो तिथे, आणि फोटो काढायला थांबून पुन्हा निघताना. शेवटचं तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, कारण हा जियांगमध्ये तुम्ही दर वळणाला फोटो काढणार आहात. गाडी सुरू करण्याआधी मनात एक वाक्य म्हणा : ब्रेकचा पाय कडेला, गिअरचा पाय मध्याला. आपल्याकडे गिअरचा डावा पाय फुटपाथच्या बाजूला असतो. इथे ब्रेकचा उजवा पाय त्या बाजूला पाहिजे. मी नव्या लोकांना हेच सांगते, कारण डावं-उजवं घाईत उलटसुलट होतं, पण ब्रेकचा पाय कोणता हे बाइकवाल्याला झोपेतही कळतं. वळताना उजवीकडचं वळण छोटं आणि कडेकडेने, डावीकडचं मोठं, समोरची लेन ओलांडून. गोल चौकाला घड्याळाच्या उलट्या दिशेने फेरी, आणि डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मध्याकडे सरकताना आधी डावा आरसा.

घाटाबद्दल. हा जियांगची फेरी साधारण साडेतीनशे किलोमीटरची आहे आणि मा पी लेंगची खिंड तिचा कळस. खाली न्हो क्वे नदीची हिरवी रेघ दिसते आणि रस्ता कड्याला चिकटून जातो. ज्याने वरंधा किंवा कुंभार्ली चालवलाय त्याला हा उतार-चढाव नवा नाही. नवी आहे ती वळणाची बाजू. आपल्या घाटात डावं वळण आलं की आपण आतल्या कडेला चिकटतो, कारण ती आपली लेन. इथे डाव्या वळणाची आतली कड म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रकची लेन. सपाट रस्त्यावर आठ दिवस बिनचूक चालवलेला माणूसही घाटात डावीकडे झुकला की नकळत आत ओढला जातो, कारण झुकण्याची सवय वेगळी आणि रस्त्यावर चालण्याची सवय वेगळी. वळण आंधळं असेल तर वेग इतका कमी करा की उजव्या कडेलाच राहता येईल, आणि वळणाआधी हॉर्न द्या.

गाडीचंही बघा. भाड्याने बहुधा वेव्हसारखी गाडी मिळते. तिला क्लचची मूठ नसते. डाव्या पायाने पुढचा भाग दाबला की गिअर चढतो, टाचेने मागचा दाबला की उतरतो. हिरो होंडाची स्ट्रीट ज्यांनी चालवली त्यांना हे आठवेल. दोघं जण आणि सामान घेऊन लांब उतार उतरायचा तर ही गाडी ऑटोमॅटिक स्कूटरपेक्षा बरी, कारण खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवतं. स्कूटरवर बराचसा भार ब्रेकवर पडतो आणि ते तापून सुटू लागतात.

माझं मत विचाराल तर यावेळी हनोईत गाडी घेऊच नका. हा जियांगला बसने जा आणि तिथल्या स्थानिक चालकांच्या मागे बसून फेरी करा. दोघांसाठी दोन चालक मिळतात. ते त्याच डोंगरातले असतात आणि धुकं कुठल्या वळणाला धरतं हे त्यांना ठाऊक असतं. शिवाय परवान्याची अडचण आहे, ती शेवटच्या उत्तरात वाचा. स्वतः हँडल धरायचंच असेल तर निन्ह बिन्हला किंवा होई अनला सायकल भाड्याने घ्या. भातखाचरांतून सपाट रस्ते आहेत, परवाना लागत नाही, आणि शरीराला उजवी बाजू शिकवायला सायकलीसारखं साधन नाही.

प्रश्न : माझी मुलगी चोवीस वर्षांची. तिला हो ची मिन्ह सिटीत नोकरी लागली आहे. नाशिकला ती ॲक्टिव्हा चालवते, पण आम्ही तिला कधी हायवेला जाऊ दिलं नाही. आता म्हणते, तिथे सगळ्या मुली स्कूटर चालवतात, मीही घेणार. तिला परवानगी द्यावी का? मला झोप येत नाही.

उत्तर : ताई, ती खरं सांगते आहे. इथे साठी ओलांडलेल्या बायकाही स्कूटरवरून बाजारहाट करतात. मुलींना वेगळं काढून कोणी पाहत नाही, कोणी कट मारून हसत नाही. त्या बाबतीत तुमची काळजी अर्धी कमी करा. उरलेली अर्धी ठेवा, ती योग्य आहे.

मी तिच्या जागी असते तर पहिले दोन महिने गाडी घेतली नसती. ग्रॅब या ॲपवरून मागवायच्या भाड्याच्या बाइकवर मागे बसून ऑफिसला गेले असते. भाडं थोडं असतं, ॲपवर चालकाची नोंद राहते, हेल्मेट तोच देतो. मागे बसल्यावर फोन पर्समध्ये टाकायचा आणि चालक काय करतो ते पाहायचं. तो डावीकडे वळण्यासाठी किती आधीपासून सरकायला लागतो, चौकात कोणाला जाऊ देतो, कोणत्या गाडीच्या जवळ कधीच जात नाही. रस्त्याच्या कडेला उभी राहून फोन हातात धरू नये हेही तिला सांगा. दुचाकीवरून येऊन फोन हिसकावणं हा या शहरातला जुना त्रास आहे. घर शोधताना मेट्रोच्या जवळ मिळालं तर उत्तमच. बेन थान्ह ते सुओई तिएन ही पहिली मार्गिका डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यावर चौदा स्टेशनं आहेत आणि पावसाच्या दिवशी तिच्यासारखा आधार नाही.

मग शिकायचं. सगळे सांगतील रविवारी पहाटे शिक, रस्ते मोकळे असतात. मी नको म्हणेन. वर पुण्याच्या वाचकांना लिहिलं तेच कारण. मोकळ्या रस्त्यावर शरीर नाशिकला परत जातं. दुपारी तीनच्या सुमारास, मध्यम गर्दीत, एखाद्या माहीतगार बाईच्या गाडीमागे शिकलेलं बरं. पुढे गाड्या दिसत राहिल्या की बाजू आपोआप पक्की होते. सरावाची झाल्यावर रिकाम्या रस्त्याची सवय वेगळी करायची.

एका गोष्टीसाठी मी तुमच्याइतकीच कडक आहे : कंटेनर. कात लाइ बंदराकडे जाणारे रस्ते आणि बिन्ह डुओंगचा महामार्ग क्रमांक तेरा इथे चाळीस फुटी कंटेनरची रांग लागलेली असते. इथल्या ट्रकचा चालक डावीकडे बसतो, त्यामुळे त्याची उजवी बाजू आंधळी, आणि दुचाक्या चालतात त्या नेमक्या उजव्या कडेने. सिग्नलला ट्रकच्या उजव्या अंगाला जागा दिसते. त्या जागेत जायचं नाही. ट्रक उजवीकडे वळायला लागला की त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात आणि ती जागा नाहीशी होते. मागे थांबायचं, तो गेल्यावर निघायचं, ऑफिसला उशीर झाला तरी चालेल. माई ची थो, वो वान किएत अशा मोठ्या रस्त्यांवर दुचाक्यांच्या वेगळ्या लेन आहेत. थोडं लांब पडलं तरी तिने त्याच निवडाव्यात. एक्सप्रेसवेवर दुचाकीला मनाईच आहे.

पावसाळा मे ते नोव्हेंबर. दुपारनंतर आभाळ फाटल्यासारखा पडतो आणि तासाभरात थांबतो. सगळा रस्ता एकदम कडेला उभा राहतो, सीटखालून रेनकोट निघतो आणि दोन मिनिटांत सगळे पुन्हा चालू. इथला रेनकोट म्हणजे हँडलवरून पुढे टाकायचा मोठा झगा. त्याला समोर पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन असतो, तो बरोबर हेडलाइटवर आला पाहिजे, नाहीतर अंधारात तुमचा दिवा झाकलेला राहतो. दोघांसाठी दोन डोक्यांचा झगाही मिळतो. तिला सांगा, मागचं टोक मांडीखाली घट्ट दाबून बसायचं. ते चाकात गेलं तर ओढणीसारखाच घात होतो. ओढणीचं तर ती नाशिकलाच शिकली असेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नदीला मोठी भरती आली की पाऊस नसतानाही थाओ दिएनसारख्या भागात रस्त्यावर पाणी चढतं. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, अशा संध्याकाळी गाडी ऑफिसात ठेवून कारने घरी यावं.

आणि दारू. सहकाऱ्यांबरोबर जेवण असेल तर तिथे बिअर येणारच. व्हिएतनाममध्ये २०२० पासून चालकाच्या रक्तात मद्याला शून्य मुभा आहे, आणि पोलीस रात्री खरोखर तपासतात. अशा दिवशी गाडी घरीच ठेवायची, हा नियम आमच्या घरात सगळ्यांना लागू आहे.

परवान्याचं काम सोपं आहे, कारण ती इथे रीतसर राहणार आहे. राहण्याचं कार्ड मिळालं की भारतीय परवाना भाषांतर करून इथल्या परवान्यात बदलून घेता येतो. मार्च २०२५ पासून हे काम पोलीस खातं पाहतं. फक्त तिच्या भारतीय परवान्यावर दुचाकीचा वर्ग आहे ना, ते निघण्याआधी पाहा. नुसता कारचा असेल तर नाशिकच्या आरटीओत तो आधी वाढवून घ्या. इथे आल्यावर ते होत नाही.

तेव्हा परवानगी द्या. पण चांगलं, हनुवटी झाकणारं हेल्मेट तुम्ही स्वतः विकत घेऊन तिच्या बॅगेत भरा. इथे हेल्मेटची सक्ती डिसेंबर २००७ पासून आहे आणि लोक ते घालतातही, पण बहुतेकांचं असतं वाटीएवढं, कान आणि हनुवटी उघडी ठेवणारं.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, सांगलीचे. टूर कंपनीबरोबर हनोईला जाणार आहोत. गाडी चालवायची नाही, पण ऐकलंय तिथे रस्ता ओलांडता येत नाही. माझ्या यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे.

उत्तर : काकू, येतो. होआन किएम तळ्याच्या आसपास तुम्हाला रोज ओलांडावा लागेल. आधी डावीकडे बघायचं, मग उजवीकडे, आणि दुचाक्या चुकीच्या बाजूनेही येतात म्हणून पुन्हा डावीकडे. मग एकसारख्या सावकाश चालीने निघायचं. दुचाक्या तुमच्या पुढून-मागून वळून जातात, कारण तुमची चाल पाहून त्यांनी अंदाज बांधलेला असतो. म्हणून धावायचं नाही आणि एक पाऊलही मागे घ्यायचं नाही. काकांची चाल हळू असली तरी बिघडत नाही. एकसारखी असली की पुरे.

मात्र ही रीत फक्त दुचाक्यांपुरती. बस, कार किंवा ट्रक येत असेल तर तो जाईपर्यंत कडेलाच थांबा. तो तुम्हाला वळसा घालू शकत नाही. काकांना वाहनं येतात त्याच्या पलीकडच्या बाजूला घ्या, आणि एखादी स्थानिक आजी ओलांडत असेल तर तिच्या बाजूला चालू लागा. कोणी काही म्हणत नाही. गुडघा दुखत असेल तर तळ्याकडे जायला शनिवार-रविवार गाठा. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते फक्त चालणाऱ्यांसाठी असतात.

प्रश्न : कंपनीने मला चाकणहून बिन्ह डुओंगच्या प्लांटला दोन वर्षांसाठी पाठवलं आहे. कार मिळणार आहे. दुचाकी चालवणार नाही. कारला काय वेगळं?

उत्तर : कारमध्ये तुम्ही डावीकडे बसाल आणि गिअर उजव्या हाताला येईल. पहिले काही दिवस इंडिकेटरऐवजी वायपर चालू होईल, त्याची चिंता नको. चिंता गाडीच्या उजव्या अंगाची. आपल्याला गाडीचा मोठा भाग डावीकडे पसरलेला असण्याची सवय असते. इथे तो उजवीकडे आहे. त्यामुळे नवा माणूस गाडी नकळत उजवीकडे, म्हणजे कडेला, ओढत नेतो, आणि त्या कडेलाच सगळ्या दुचाक्या असतात. आपण स्वतः लेनच्या मध्यापेक्षा थोडं डावीकडे असू असं धरून चालवा, गाडी आपोआप मध्ये राहते.

उजवीकडे वळताना तुमच्या आणि फुटपाथच्या मध्ये दुचाक्यांची धार असते. ती थांबत नाही. बराच आधी इंडिकेटर द्या, अगदी हळू उजवीकडे सरका, धार तुमच्या मागे वळायला लागली की मगच वळा. एकदम वळलात तर कोणीतरी दारावर येणार. सिग्नल लाल असताना उजवीकडे वळायला आपोआप मोकळीक नाही. बाण किंवा तसा फलक असेल तरच. २०२५ पासून दंड फार वाढलेत. कारने सिग्नल तोडला तर एक कोटी ऐंशी लाख ते दोन कोटी डोंग, म्हणजे अंदाजे साठ हजार रुपयांच्या पुढे. कॅमेरे जागोजागी आहेत.

आणि थांबल्यावर दार लांबच्या हाताने उघडा. डावं दार उजव्या हाताने. अंग वळतं, मान मागे जाते, येणारी दुचाकी दिसते. मागे बसणाऱ्यांनाही हेच सांगा, त्यांच्या बाजूला तर दुचाक्या जास्त.

प्रश्न : ठाण्याच्या आमच्या एजंटने सांगितलं, आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना काढला की कोणत्याही देशात चालतो. व्हिएतनाममध्ये स्कूटर घेणार आहोत. विमाही काढलाय. आणखी काही लागतं का?

उत्तर : एजंटने अपुरं सांगितलं. आपलं आरटीओ देतं तो आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्याचा असतो आणि एक वर्ष चालतो. व्हिएतनाम मानतो तो १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा. त्यामुळे हातात पुस्तिका असूनही कागदोपत्री तुम्ही विनापरवाना ठरू शकता. दुकानदार तुम्हाला गाडी देईल, परवाना विचारणारही नाही, पण रस्त्यावर पोलिसांनी थांबवलं तर दंड भरावा लागतो आणि गाडी जप्त होऊ शकते.

त्याहून मोठी अडचण विम्याची. बहुतेक प्रवास विम्यांत अट असते की दुचाकी चालवताना त्या देशात वैध असलेला परवाना हवा आणि डोक्यावर हेल्मेट हवं. हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि कंपनीने परवान्याकडे बोट दाखवलं, तर सगळा खर्च खिशातून. परक्या शहरातल्या खासगी इस्पितळाचं बिल फेडायला घरच्यांची धावपळ झालेली मी जवळून पाहिली आहे, आणि ती कोणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीला आणि कमी शक्तीच्या इलेक्ट्रिक स्कूटरला इथे परवाना लागत नाही. भाड्याने मागताना तीच मागा आणि गाडीच्या कागदावर आकडा पाहून घ्या. दिसायला सारख्या असलेल्या बऱ्याच गाड्या एकशे दहाच्या असतात. परदेशात पहिल्यांदाच चालवणार असाल तर थायलंड, बाली किंवा श्रीलंका बघा. तिथे वाहनं आपल्यासारखी डावीकडून जातात, निदान शरीराची सवय तरी आड येत नाही. परवान्याचे नियम मात्र तिथलेही वेगळे पाहावे लागतील.

विमा कंपनीला आजच ईमेल करा आणि तीन गोष्टी सरळ विचारा : व्हिएतनाममध्ये भारतीय परवाना आणि आरटीओची पुस्तिका घेऊन दुचाकी चालवली तर दावा मंजूर होतो का, पन्नास सीसीची गाडी असेल तर काय, आणि मागे बसणाऱ्याला संरक्षण आहे का. उत्तर फोनवर घेऊ नका, लेखी मागा. ते आलं की मलाही पाठवा, कारण हाच प्रश्न आणखी काही वाचकांनी विचारला आहे आणि त्यांना पुढच्या अंकात उत्तर द्यायचं आहे.